मागच्या दारातली जाळी

तुरीच्या पिवळ्या फुलांवरून सकाळचं कोवळं ऊन ओघळत असताना माझ्या नव्या गाडीत जो स्वर उमटला, त्याला स्वर तरी कसं म्हणावं? रिकाम्या पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवावेत तसा तो कोरडा, किनरा खडखडाट होता. आणि तो माझ्या वडिलांचा आवाज होता, हे सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल?

आप्पा माकणी गावचे. जयंतीच्या मिरवणुकीनंतर चौकात भीमगीतं सुरू झाली आणि आप्पा उभे राहिले की माईक शोभेपुरता उरायचा. धरणाचे दरवाजे उघडल्यावर पाण्याला जो भरदार, सखोल नाद येतो, तसा त्यांचा गळा होता. घशाच्या ऑपरेशननं तो नाद नेला. आता उरली आहे ती कुजबुज. आणि उरलं आहे एका जुन्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण, कॅसेटवरून माझ्या फोनमध्ये उतरवून घेतलेलं. मी धाराशिवला शाळेत विज्ञान शिकवते. आप्पांना तपासणीसाठी सोलापूरला नेता यावं म्हणून मी गाडी घेतली, आणि पहिल्याच फेरीत ते गाणं लावलं.

आप्पा पुढं माझ्या शेजारी बसले होते. स्वतःचा तो चिरका आवाज ऐकून त्यांनी हलकेच मान खिडकीकडे वळवली. मागून आई म्हणाली, “आगं, काय लावलंस? मला तर मागं काईच ऐकू येत न्हाय.”

“आई, तुझ्या हाताशीच जाळी आहे बघ, स्पीकरची.”

“जाळी हाय की. आवाज कुठाय?”

मी गाडी कडेला घेतली. स्टिरिओच्या पडद्यावर चार आसनांचं सुबक चित्र होतं. बोटानं सरकवून सगळा आवाज मी मागच्या आसनांकडे पाठवला. गाडी एकदम मुकी झाली! मागच्या दारांत स्पीकर नव्हताच. होती ती नुसती जाळी, बारीक छिद्रांची, देखणी, आणि तिच्या पाठीमागं निखळ पोकळी.

शोरूममधला तरुण माझ्या संतापानं गोंधळला नाही, हसला. “मॅडम, हे खालचं मॉडेल. जाळी सगळ्यांनाच येते, स्पीकर वरच्या मॉडेलला.”

“मग जाळी कशासाठी?”

“शोसाठी. आणि मागं बसणाऱ्याला गाण्याचं काय एवढं?”

हे वाक्य आमच्या घराला नवं नव्हतं. माझे आजोबा शाळेच्या दाराबाहेर बसून अक्षरं शिकले. आत येणारा आवाज बाहेर बसणाऱ्याला कशाला हवा, असंच तेव्हाही कुणाला तरी वाटलं असेल. काळ बदलला, रस्ते रुंद झाले, पण माणसाची जागा ठरवून त्या जागेवरून त्याची भूक ठरवण्याची ही खोड किती चिवट! न देणं मी एक वेळ समजू शकते. पण न देता दिल्याचा देखावा करायचा, कान लावणाऱ्याच्या कानाशी पोकळी बसवायची, ही कसली रीत? आणि वर शोरूममधल्या त्या तरुणानं मंद हसून बजावलं की बाहेरून काही बदलून घेतलंत तर वॉरंटी जाईल.

धाराशिवमधल्या गाडी सजावटीच्या दुकानात गेले, तर तिथला मालक माझ्या खांद्यावरून मागं पाहत म्हणाला, “साहेबांना पाठवा ताई, त्यांना समजावून सांगतो.”

“साहेब कुणी नाहीत. गाडी माझी आहे. स्पीकर द्या, बसवते मी.”

रविवारी माकणीच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, मी बॅटरीची तार सोडवली आणि मागच्या दाराचं आतलं पॅड उचकटायला घेतलं. प्लॅस्टिकची एकेक क्लिप ‘टक्’ करून सुटत होती. एखादी तुटली तर शोरूममधलं ते हसू पुन्हा पाहावं लागणार होतं. आईनं पॅड दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. आत पत्र्याला गोल भोक तयार होतं, स्पीकरच्याच मापाचं. पुढं स्टिरिओच्या पाठीमागंही मागच्या स्पीकरांसाठी जोडणीची जागा तयार होती; फक्त तिथून तार मागच्या दारांपर्यंत नेलेली नव्हती. यंत्राला सगळं येत होतं, आणि तरीही त्याला मुकं ठेवलं होतं! आई मात्र त्या भोकाकडे बघून एवढंच म्हणाली, “जागा तर केली हुती म्हणायची.”

दारापाशीच्या पायपट्टीखालून तारा नेल्या, दारांच्या पत्र्याला थरथर थांबवणारी काळी चिकट शीट लावली, पुढचे कागदी स्पीकर काढून तिथंही चांगले बसवले. उत्साहानं गाणं लावलं, तर आवाज मोठा, पण पोकळ. ढोलकीचा जीवच कुणी काढून घेतला होता. एका दारात दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. एका स्पीकरचा पडदा हवा पुढं ढकलत होता तेव्हाच दुसऱ्याचा ती मागं ओढत होता, आणि दोघे एकमेकांचा नाद गिळत होते. लहरींचा हा धडा मी दर वर्षी फळ्यावर शिकवते! पॅड पुन्हा उचकटलं, तारा सरळ केल्या.

पुढच्या फेरीला अणदूर मागं पडल्यावर मी ते गाणं लावलं. आणि काय सांगू! ढोलकीची थाप पोटात उतरली, आप्पांचा गळा आपल्या पूर्ण रुंदीनं गाडीत पसरला. आप्पांनी डोळे मिटून घेतले. मग ध्रुवपद आलं, आणि त्यांच्या आवाजामागून बायकांचा कोरस उठला. आजवर फोनच्या आवाजात तो नुसता गलबला वाटायचा. आता त्यातून एक सूर वेगळा निघाला, बारीक, तीक्ष्ण, अढळ. आप्पा जिथं जिथं श्वास घेत, तिथं तिथं चाल खाली पडू न देणारा.

“ती मी हाय,” आई मागून म्हणाली.

आप्पांनी डोळे उघडले. मान वळवून त्यांनी कुजबुजत विचारलं, “ती तू हुतीस?”

“मग कोण हुतं? दर साली म्याच की.”

“मला पुढं कदी ऐकूच आलं न्हाय.”

“तुमाला ऐकू जावा म्हणून तर सूर एवढा वर लावायचे.”

कंपनीवरचा, दुकानदारावरचा, त्या हसऱ्या तरुणावरचा राग माझ्यात अजून धगधगत होता, आणि तो विझावा असं मला आजही वाटत नाही. पण त्या रागाला उत्तर देणं किती जणांकडे बाकी आहे, अगदी आमच्या घरातही, हे त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं. आप्पांनी हातानं थांबायची खूण केली. मी गाडी बाभळीखाली घेतली. ते उतरले, मागचं दार उघडून आईशेजारी जाऊन बसले आणि मला म्हणाले, “पुन्ना पयल्यापास्नं लाव.”

मी लावलं. पुढचं आसन सोलापूरपर्यंत रिकामं राहिलं.