उंच पिवळ्या फुलांचं पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कारकून असलेल्या माझ्या वडिलांची नांदेडहून तिकडं बदली झाली. आईनं रुडबेकिया या उंच वाढणाऱ्या फुलझाडाच्या मुळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून एसटीत मांडीवर धरल्या होत्या. भाड्याच्या घरामागच्या चिंचोळ्या जागेत तिनं त्या लावल्या. दुसऱ्या वर्षी झाडं वडिलांच्या डोक्यावर गेली, तेव्हा तिनं तुराट्या रोवून ती सुतळीनं बांधली. त्यांची पिवळी फुलं उशिरा, दसरा उलटल्यावर यायची.

मी दहा वर्षांची झाले त्या वर्षी पाऊस झालाच नाही. गल्लीतला एकमेव नळ चार दिवसांनी यायचा आणि घरटी दोन घागरी ठरल्या होत्या. झाडांना आई तांदूळ धुतलेलं, आंघोळीचं पाणी घालायची. तरी पानं करपत चालली. कळ्या तर धरल्या होत्या. आई दुपारी पडली की माठातलं तांब्याभर पाणी मी गुपचूप बुडाशी ओतायचे.

एकदा मी सोबत असताना नळावर शेजारच्या काकूंनी आईला अडवलं. त्यांच्या घरी सहा माणसं, त्यात एक बाळंतीण.

"ताई, पिण्याचं पाणी फुलाला घालून राहिलाव म्हणतेत तुमी."

आई म्हणाली, एक थेंबही नाही. आमचे हे कचेरीत म्हणून आम्हाला जादा पाणी मिळतं असं लोक बोलतात, तेही खोटं आहे. काकू माझ्याकडं वळल्या.

"बाई, तू सांग. घालतेत का?"

आईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, इतकी तिला खात्री होती. मी म्हणाले, "नाही."

संध्याकाळी काकू स्वतःच्या वाट्यातली एक घागर घेऊन आल्या. उगाच संशय घेतला, मनात ठेवू नका, म्हणाल्या. आई नको नको म्हणत होती, तरी घागर ठेवून गेल्या. त्या घागरीतलं पाणी आईनं मला प्यायला दिलं, तेव्हा मी तांब्या तसाच खाली ठेवला. मी सगळं सांगून टाकलं.

मार बसेल असं वाटलं होतं. पण आईनं आमच्या माठातलं पाणी ओतून ती घागर काठोकाठ भरली, डोक्यावर घेतली आणि मला पुढं घातलं.

काकूंच्या दारात म्हणाली, "तूच सांग."

मी सांगितलं. आत बाळ रडत होतं. काकूंनी घागर उतरवून घेतली आणि आत नेली.

त्यानंतर त्या हंगामभर आई नळावर सगळ्यांत शेवटी उभी राहायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. दोनदा आमचा नंबर येण्याआधीच पाणी गेलं. तिसऱ्यांदा काकूंनी रांगेत मागं येऊन आईच्या हातातली घागर ओढली आणि आपल्या घागरीच्या पुढं ठेवली.