आठव्या डावानंतर

आमच्या इथल्या बेसबॉल टीमचा इतिहास मराठीत आहे. थट्टा करत नाही. माझ्या गॅरेजमध्ये, हिच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारच्या फळीवर, अकरा लांब वह्यांत तो लिहिलेला आहे. इंग्रजीत तो कुणाकडेच नाही.

त्याचं असं झालं. नागपूर सोडून अमेरिकेत, कॅरीला नोकरीसाठी आलो, तेव्हा कंपनीने सीझनची दोन तिकिटं हातात ठेवली. टीम मोठी नव्हे हो. ज्यांना मोठ्या टीमने घेतलं नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशा पोरांची ही टीम. या भागात रताळी फार पिकतात म्हणून नावही रताळ्यावरून. चार वर्षांनी मालक बदलला आणि रताळ्याची चिडकी खार झाली. तिसऱ्या मालकाने तिला विमानाचं नाव दिलं, का ते त्याचं त्याला ठाऊक. दर वेळी जुने टी-शर्ट सेलमध्ये, जुने फोटो कचऱ्यात, आणि इतिहास नव्याने सुरू. पुढे ती लीगच बंद पडली, वेबसाइटसकट. टीम तेवढी दुसऱ्या लीगमध्ये गेली, मागचं काहीही न घेता.

मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कॉलेजात क्रिकेटचा स्कोअर लिहायचो, ती खोड. नुसतं बसून बघायचं म्हणजे काय? पहिल्याच दिवशी वही काढली. कोण आला, काय मारलं, कोण बाद, सगळं टिपलं. होमरनपुढे कंसात ‘षटकार’ लिहायचो. अकरा वर्षं घरच्या मैदानावरची एकही मॅच सोडली नाही, आणि हे मी भेटेल त्याला सांगायचो. ही कपाळावर हात मारायची. “अहो, कुणी विचारलंय का तुम्हाला?”

गेल्या वर्षी विचारलं. चौथ्या मालकाला एकाएकी इतिहासाचं प्रेम आलं. स्टेडियमबाहेर भिंत उभारायची, आणि टीमसाठी ज्यांनी एक तरी होमरन मारला त्या सगळ्यांची नावं तिच्यावर कोरायची. नोंदी कुठे आहेत? कुठेच नाहीत. मग ऑफिसातल्या बाईंना आठवलं, की एक इंडियन गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत बसायचे. मी असा फुगलो म्हणता! पंधरा दिवस बसून वह्यांतून यादी काढून दिली.

यादी जाहीर झाली आणि आठवड्याभरात एक माणूस दारात उभा. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, गुडघ्यात किंचित लंगडणारा. हार्डवेअरच्या दुकानात रंगाच्या काउंटरवर असतो म्हणाला. रताळ्यांच्या काळात एकच सीझन खेळला होता. माझ्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

“सर, मी एक होमरन मारला होता,” तो म्हणाला. “जन्मात एकच. शेवटच्या डावात. आपण तीन रन्सनी मागे होतो, तीन बेसवर तिघं उभे होते. एका फटक्यात ते तिघं आणि मी, चार रन्स, मॅच जिंकली. तुम्ही एकही मॅच सोडली नाही, असं ऑफिसात म्हणाले. मग ते लिहिलं असेलच ना तुम्ही?”

शेवटच्या डावात म्हणाला, तिथेच घोडं अडलं. आता खरं ते सांगतो. बेसबॉलला नऊ डाव असतात. मी आठच पाहायचो. मॅच सुटली की पार्किंगमधून बाहेर पडायला पाऊण तास लागतो, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यामुळे आठवा डाव झाला की आम्ही उठायचो. नाटक असो, लग्न असो, गर्दीच्या आधी सटकणं म्हणजे मोठी हुशारी, असंच वळण आम्हाला. निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बघून वहीत चढवायचो. पेपरात स्कोअर यायचा, कुणी काय मारलं ते नाही. अकरा वर्षांच्या इतिहासाला शेवटचा डावच नव्हता, आणि ही गोष्ट हिच्याशिवाय कुणाला माहीत नव्हती.

तरी वही काढली. त्याने तारीख पाठ म्हणून दाखवली. पान सापडलं. माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘आठव्या डावानंतर निघालो. तीनने मागे, हरणार नक्की. गर्दीच्या आधी बाहेर पडलो. येताना कोथिंबीर घेतली.’ खाली दुसऱ्या शाईत, ‘जिंकलो म्हणे.’

तो पानावर वाकला. “मी बॅट घेऊन आत आलो ना, तेव्हा लोक गाड्यांकडे चालले होते. मला नुसत्या पाठी दिसत होत्या. चेंडू कुंपणापलीकडे गेला आणि ओरडलं कोण, तर आमचीच पोरं. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिने सगळं इंटरनेट शोधलं. तोंडाने काही म्हणत नाही ती. पण बाप थापा मारतो असं तिला वाटतं, मला कळतं ते.” मग वहीकडे बोट करून म्हणाला, “यातली माझी ओळ कुठली?”

ही चहा घेऊन दारातच थबकली. मी बोट ठेवलं. ‘आठव्या डावानंतर निघालो’ इथे. म्हटलं, “ही. इथपासून इथपर्यंत.”

“अहो, काय करताय काय!” ही मराठीत म्हणाली.

“तू गप्प बस,” मीही मराठीतच.

त्याने मोबाइलवर फोटो काढला. दोनदा. ऑफिसातून फोन आला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, हो, डोळ्यांनी पाहिलं. जन्मभर लोकांच्या चुका काढल्या, आणि साठी उलटल्यावर सरळ खोटी साक्ष दिली. लाज वाटली का? वाटली. पण खोटं बोलल्याची नाही, तेव्हा उठून गेल्याची.

उद्घाटनाला गेलो आणि बघतो तर काय! टीमच्या लोकांना त्याच्या फोटोतलं माझं अक्षर भलतंच आवडलेलं. त्याच्या नावाखाली माझी ती ओळ, कोथिंबिरीसकट, हातभर मोठी करून लावलेली. मला दरदरून घाम फुटला. ही पदराआड हसत होती की रडत होती, देव जाणे.

तो मुलीला घेऊन आला होता. शेजारी एक मराठी बाई, पुण्याकडची असावी, कडेवर बाळ घेऊन भिंत वाचत होती. तिच्या भुवया चढल्या. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “काका, कोथिंबीर?”

मी तोंड उघडणार, तोच त्याची मुलगी त्या बाईपुढे जाऊन उभी राहिली. माझ्याकडे तिने बघितलंही नाही. मी बापाच्या बाजूचा, हे तिने ओळखलं असणार. “तुम्हाला वाचता येतं हे? काय लिहिलंय?”

बाईने भिंतीकडे पाहिलं. माझा उतरलेला चेहरा पाहिला. मग मुलीच्या मागे उभ्या असलेल्या, श्वास रोखून धरलेल्या त्या माणसाकडे पाहिलं. बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि इंग्रजीत, एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाली, “तुझ्या बाबांनी चेंडू कुंपणापलीकडे मारला, असं लिहिलंय. आणि लिहिलंय, की तोपर्यंत कुणीही उठून गेलं नाही.”

मुलगी बापाकडे वळली.

“सांगितलं होतं ना तुला?” तो म्हणाला.