दस्ती टाकून धरलेली जागा

बसवकल्याणच्या स्टँडवर उमरग्याची बस लागली की मी दाराकडं पळत नाही. खिडकीतून आत खांद्यावरची दस्ती टाकतो. दस्ती सीटवर पडली की जागा आपली झाली. मग निवांत पान खावं, चार माणसांशी बोलावं आणि गाडी हलताना चढावं. एकदा एकानं माझी दस्ती उचलून बाजूला ठेवली होती. त्याला मी उमरग्यापर्यंत उभं नेलं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण सगळ्या मुलखात चालतो अशी माझी समजूत होती.

लेक गुवाहाटीला, जावई फौजेत. बाळंतपण तिकडंच झालं. आमची म्हातारी थोरल्या मुलाला घेऊन रेल्वेनं आधीच गेली होती. मी तुरीची रास उरकायला मागं राहिलो. जायच्या गडबडीत म्हातारी कुंची पेटीतच विसरली. ती कुंची माझ्या आईच्या हातची, हिरव्या खणाची, कडेला लाल गोंडे. माझी तिन्ही लेकरं तीच घालून पाळण्यात निजली. आमच्या घरात त्या कुंचीबिगर बारसं होत नाही. आता ती घेऊन जायची म्हणजे मलाच जायचं, तेही विमानानं, कारण बारसं अगदी तोंडावर आलं होतं.

गुवाहाटीहून मुलाचा फोन आला. "अप्पा, मधी कलकत्त्याला इमान बदलावं लागतंय. चाकाची खुर्ची सांगू का? माणूस ढकलत नेतंय."

"कामून? मी लुळा पडलोय व्हय?"

"लुळं न्हाई वो, पर गुडघे..."

"गुडघे माझे हायत. मी बघून घेतो."

त्यानं तिकिटावर खुर्ची लिहिलीच. हैदराबादला विमानतळावरची पोरगी खुर्ची घेऊन पुढं आली, तेव्हा मला ते कळलं. मी तिला छाती काढून चालून दाखवलं. कलकत्त्यात उतरलो तर विमानाच्या तोंडाशी एक माणूस माझ्या नावाचा कागद धरून उभा, पुढ्यात रिकामी खुर्ची. मी त्याच्याकडं न बघता सरळ निघून गेलो. तिसरीपर्यंत शिकलोय, आकडे वाचता येतात. माझ्या तिकिटाच्या कागदावर एकवीस नंबरचं दार होतं. ते मी कुणाला न विचारता शोधलं.

पुढच्या विमानाला चार तास होते. दाराजवळची पहिलीच खुर्ची रिकामी दिसली. तिच्यावर दस्ती टाकली आणि भाकरी खायला लांब एका कोपऱ्यात गेलो. कडक भाकरी, शेंगाची चटणी. घाई कशाला करायची, जागा तर धरलेली होती. पाणी प्यालो, काचेतून विमानं बघितली, मग सावकाश परत आलो.

बघतो तर सगळ्या खुर्च्या मोकळ्या. एकटी माझी दस्ती, टाकली तशी. मला बरं वाटलं. परमुलखातही दस्तीला मान आहे म्हणायचा! मी ऐसपैस बसलो.

फरशी पुसणारी बाई जवळ आली. "बाबा, कहाँ जाना है?"

"गुवाहाटी."

"अरे, वो तो उधर से जा रहा है! गेट बदल गया, कब से बोल रहे हैं।"

"मैं नै उठता. दस्ती डालके जगा पकड़ा हूँ."

तिनं दस्तीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "जगह तो पकड़ लिए बाबा, जहाज कौन पकड़ेगा?"

 तिनं बोट दाखवलं ते दार पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे आमच्या विहिरीपासून सडक जेवढी लांब तेवढं. बारसं उद्या सकाळी, आणि हे विमान चुकलं तर पुढचं उद्या दुपारी, असं मुलानं बजावलं होतं. कुंची माझ्या पिशवीत, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात लेकरू उघड्या डोक्यानं पाळण्यात. मी पळालो. दहा पावलं गेलो असेन. फरशी आरशासारखी गुळगुळीत, नव्या चपला घसरायला लागल्या, आणि उजवा गुडघा जागच्या जागी अडकला.

तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. तोच मघाचा कागदवाला. घामानं भिजला होता. "बाबा, आप ही को ढूँढ रहा हूँ! पूरा एयरपोर्ट छान मारा।"

मी खुर्चीकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता.

"भागते क्या तुम?" मी विचारलं.

"पहले बैठो तो सही!"

बसलो. पिशवी पोटाशी घट्ट धरली. तो असा सुटला की लोक आपोआप बाजूला व्हायला लागले. आमच्या स्टँडवर आमदारालाही एवढी वाट मिळत नाही. नव्या दारापुढं हीऽ लांब रांग होती. आम्हाला रांगेच्या पुढून आत घेतलं. विमानात माझ्या सीटचा नंबर विचारला, तर तो हातातल्या कागदावरच लिहिलेला. म्हणजे जागा आधीपासून धरलेलीच होती.

गुवाहाटीला पुन्हा खुर्ची. बाहेरचं दार दिसलं तसं मी "रुको" म्हणलो, उठलो, धोतर नीट केलं आणि चालत बाहेर आलो.

मुलगा हसला. "आलात की! खुर्ची मिळाली न्हाई का?"

"कसली खुर्ची?"

दुसऱ्या दिवशी नातीला कुंची घातली. जरा मोठीच झाली, डोळ्यांवर यायला लागली. पोरीनं आतूनच मोठी जांभई दिली आणि लेक खुदकन हसली. नातीची लाळ पुसायला म्हातारीनं माझ्या खांद्याकडं हात केला. "आवो, दस्ती कुठाय तुमची?"

"कलकत्त्याला. जागा धरून आलोय."

परतीला आम्ही दोघंच येणार होतो. निघायच्या आधी मुलाला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणलो, "तिकिटावर खुर्ची लिहायला सांग. तुझ्या आईचे गुडघे लई दुखायलेत."

आतून म्हातारीचा आवाज आला, "माझे न्हाईत दुखायले!"