रांगेच्या शेवटी

मोहर्लीकडच्या जंगलातून पाऊलवाटेनं जायचं तर कांताबाई रामटेक्यांच्या मागून जावं, असं त्यांच्या गावात कुणीही सांगेल. तेंदूपानं तोडणाऱ्या बायाबापड्यांच्या टोळ्या रानात नेण्या-आणण्यात बाईंची उमर गेली. बोलायला तिखट, चालायला त्याहून तिखट. म्हणून पलीकडच्या गावच्या शाळेत पोरांना पायी पोचवायचं काम निघालं, तेव्हा गावानं दुसऱ्या कुणाचं नावच काढलं नाही.

टोळीचीच रीत त्यांनी पोरांना लावून दिली. पुढे त्या स्वतः, काठी आपटत. शेवटी धडधाकट गडी, कारण वाघ येतो तो मागून. पुढच्यानं सारखं वळून बघायचं नाही. 'हो' अशी हाळी द्यायची, शेवटच्यानं 'हो' म्हणून उत्तर द्यायचं. शेवटची जागा सर्वांत दांडग्या विक्कीची. त्याचा 'हो' रोज खणखणीत यायचा आणि बाई निश्चिंत असायच्या.

लहानग्या दिव्यानीला पोरं 'वाघाची उष्टी' म्हणतात, हे त्यांच्या कानावर होतं. मोहफुलं वेचताना तिच्या बापाला वाघानं मारलं होतं. पोरं म्हटली की चिडवायचीच, असं म्हणून बाईंनी ते सोडून दिलं. शहाण्यासुरत्या माणसांची अक्कल अशा वेळी नेमकी कुठे चरायला जाते, कोण जाणे.

एका सकाळी पोरांना शाळेत सोडून त्या एकट्याच परतत होत्या. वाटेतल्या नाल्याच्या वाळूत पोरांची पावलं उमटलेली होती. सगळ्या पावलांवर, विक्कीच्या बुटांच्या ठशांवरसुद्धा, एका लहानशा चपलेचा ठसा पडला होता. म्हणजे शेवटून गेलं होतं ते हे पाऊल. आणि त्या चपलेच्या ठशांवर, नाला संपेपर्यंत, वाघाचे ताजे पंजे होते. पलीकडच्या काठावर ते बांबूत वळले होते.

बाई तशाच शाळेकडे फिरल्या आणि त्यांनी पोरांना वर्गाबाहेर बोलावलं.

"आज शेवटी कोण होतं?"

विक्कीनं मान खाली घातली. "बाई, वाघाले दिव्यानीच्या घरची चव माहीत आहे. तो नेईन तं तिलेच नेईन. आम्ही वाचू."

'हो' तो रांगेच्या मधूनच द्यायचा. हा दांडगा पोरगा रोज भीतीनं अर्धमेला होत होता, आणि ती भीती त्यानं सगळ्यांत लहान पोरीवर ढकलली होती. बाकीच्यांनी ढकलू दिली. आपणही दिली, हे बाईंना कळलं तेव्हा विक्कीवर उगारलेला हात खाली आला.

त्यांनी दिव्यानीला जवळ घेतलं. "मागं वाघ होता, तुले समजलं होतं?"

"पाचोळा वाजला. मंग दिसला."

"मंग हाक काऊन नाई मारली?"

"सगळे पळाले असते," ती म्हणाली. "पळणाऱ्याले तो धरते. माहे बाबा पळाले होते."

कांताबाईंनी उभा जन्म जंगल पाहिलं, वाघ पाहिले. एवढ्या मोठ्या माणसासमोर मात्र त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. ज्यांनी तिला वाघापुढे टाकलं, त्यांचेच जीव ही पोर पाऊल न चुकवता पार घेऊन आली होती. तिच्या डोळ्याला डोळा देणं बाईंना जमेना.

"माह्यी चुकी झाली, माय," एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वनखात्याची गाडी पोरांना घरी सोडून गेली. दिव्यानीच्या आईनं मात्र ठरवून टाकलं, शाळा बंद. दुसऱ्या सकाळी कांताबाई सगळ्या पोरांना घेऊन तिच्या दारात उभ्या राहिल्या. वनरक्षकही सोबत होता.

"आजपासून शेवटी मी," त्या आईला म्हणाल्या. "पुढं हे साहेब." मग पोरीकडे वळल्या. "तुले पाहिजे तिथं चाल, माय. सगळ्याच्या पुढं चाल."

विक्कीनं डोळे पुसत वाट करून दिली. आईनं आतून दप्तर आणून पोरीच्या हातात दिलं.

दिव्यानीनं ते खांद्याला लावलं. "मले मधात चालू द्या," ती म्हणाली. "सगळ्यासंगं बोलत बोलत."