मिक्सरबंदी

उभी हयात मी जहाजावर वायरी सांभाळल्या. रिटायर होऊन मांडवीच्या घरी आलो तेव्हा विजेच्या बाबतीत आपल्यापुढे कुणी तोंड उघडू नये, असं माझं प्रामाणिक मत होतं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं नि तिला झगझगीत उजेड सोसेना. म्हणून मी घरभर हवे तेवढे मंद करता येणारे दिवे बसवले, बटणं तिच्या पलंगाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वाटणासाठी मिक्सर लावला मात्र, सगळे दिवे अंगात आल्यासारखे नाचायला लागले. मिक्सर थांबला, दिवेही थांबले.

"मोटर जुनी झालीय, विजेत गडबड सोडते," मी निकाल दिला. "मिक्सर बंद."

"अरे, पण बटणांची वायर तू मिक्सरच्याच पाइपातनं ओढलीस ना?" आईने विचारलं.

"तुला यातलं काय कळतं? तू नारळ खव."

तिने नारळ खवला आणि पाट्यावर वाटायला बसली. मी विजेतली गडबड गाळणारा फिल्टर मागवला, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरला, वीजपुरवठ्याला शिव्या घातल्या. मिक्सर लावून बघावं तर पुन्हा तोच शिमगा! असे आठ दिवस गेले. आमटी मात्र झकास व्हायची. पाट्यावरच्या वाटणाची चवच वेगळी, असं मी तिला दोनदा ऐकवलंसुद्धा. गाढव, दुसरं काय!

नवव्या दिवशी वाढताना तिने पळी डाव्या हातात धरली. उजवं मनगट सुजून टम्म झालं होतं. मी ताट बाजूला सारलं.

तसाच उठलो आणि बोर्ड उघडला. बटणांची बारीक वायर आणि मिक्सरची जाड वायर, दोघी एकाच पाइपात गळ्यात गळा घालून! जाडीतली गडबड बारकीत उतरणारच. याच चुकीसाठी जहाजावर मी भल्याभल्यांना फैलावर घेतलं होतं. घरी मात्र चिऱ्याची भिंत फोडायचा कंटाळा, आणि वरून वायरीची प्लास्टिकची पट्टी मारली तर भिंतीची शोभा जाते. शेवटी तीच पट्टी मारून बारीक वायर वेगळी काढली. तासाभराचं काम होतं.

मिक्सर नुसताच फिरवून बघितला. दिवे ढिम्म हलले नाहीत. 'तेव्हाच सांगत होते' हे ऐकायची तयारी ठेवून मी उभा राहिलो.

"झालं ना? मग आता वाटण तूच लाव बाबा," आई म्हणाली. "मला ते झाकण दाबवत नाही."