पाच गुणांचा कार्बन

कार्बन या मूलद्रव्यावर माझ्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम आख्ख्या जुन्नर-आंबेगावात दुसऱ्या कुणी केलं नसेल, आणि त्या कार्बनने त्यांच्याइतका दगाही दुसऱ्या कुणाला दिला नसेल. काकांचं घर पिंपळवंडीला, आणि वारूळवाडीच्या बाजूच्या एका शाळेत ते शिपाई. घंटा देणं, वर्ग झाडणं, आणि विज्ञानाचा तास सुरू झाला की प्रयोगशाळेच्या दाराशी पाण्याची बादली घेऊन उभं राहणं ही त्यांची कामं. यातलं तिसरं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण वीस वर्षं दाराशी उभं राहून त्यांनी दहावीचा कार्बनचा धडा इतक्यांदा ऐकला होता की एखादे नवे सर मध्येच अडखळले, तर पुढचं वाक्य दाराबाहेरून यायचं.

"पोरी, कार्बनला चार हात," ते मला सांगायचे, "अन् त्यातला एकबी हात रिकामा ठेवायचं त्याला जमत नाय. चार हायड्रोजन धरले की झाला मिथेन. हायड्रोजन कमी पडला तर दुसऱ्या कार्बनचा हात धरील, पण मोकळा नाय बसायचा." हे तत्त्व त्यांनी घरालाही लावलेलं होतं. त्यांच्या दारातून माणूस रिकाम्या हाताने परतलाय असं कधी झालं नाही. वांगी, कोथिंबिरीची जुडी, काहीच नसलं तर कढीपत्त्याचा डहाळा तरी. वीजबिल द्यायला आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा भोपळा दिला होता, आणि तो बिचारा दिवसभर भोपळा काखेत घेऊन बिलं वाटत हिंडला.

त्या काळात गावात घरोघरी नुकतेच गॅस येऊ लागले होते आणि काहींच्या परड्यात गोबरगॅस होता. काका कुणाकडेही गेले की आधी स्वयंपाकघरात डोकावून ज्योत बघायचे. निळी असली तर मान डोलवायचे. पिवळी असली की त्यांना राहवत नसे. "हवेची भोकं बुजल्यात. पुरतं जळत नाय, म्हणून काजळी धरती," असं म्हणत ते खिशातली टाचणी काढून बसकण मारायचे. माझ्या मावसबहिणीसाठी स्थळ बघायला सगळे लोणीला गेले होते, तेव्हा बैठकीत चहाची वाट बघून बघून पाहुण्यांचे घसे कोरडे पडले. शेवटी कळलं, की मुलीच्या वडिलांनी आत जाऊन शेगडी खोलून ठेवली आहे. काका नाकावर काजळी घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "आता ज्योत बघा, पावणं!" लग्न जमलं. विहीणबाई अजून म्हणतात की सोयरीक बर्नरमुळे जमली.

मावशीचं आणि कार्बनचं मात्र सवतीचं नातं. एका दिवाळीला तिने हिऱ्याची चमकी मागितली, तर काकांनी तिच्या हातात शिसपेन्सिल ठेवली. हिरा आणि पेन्सिलीचं शिसं ही एकाच कार्बनची दोन रूपं, हे त्यांचं स्पष्टीकरण. मावशी म्हणाली, "मंग शाळंत पोरांना हिरं वाटा अन् मला पेन्सिली!" काकांनी दोन दिवस विज्ञानाचं पुस्तक उलटंपालटं केलं. या प्रश्नावर त्यात काहीच दिलेलं नव्हतं.

माझ्या दहावीच्या वर्षी त्यांनी हा धडा मला ओसरीवर शिकवला. टोमॅटो म्हणजे कार्बन, द्राक्षं म्हणजे हायड्रोजन, आणि केरसुणीच्या काड्या म्हणजे बंध. मिथेन झाला, इथेन झाला, आणि मग कार्बनला कार्बन जोडत साखळी केवढी लांबते ते दाखवायच्या भरात नारायणगावच्या बाजाराला निघालेलं टोमॅटोचं आख्खं क्रेट काड्यांनी भोसकलं गेलं. साखळी ओसरीवरून गोठ्यापर्यंत पोचली. द्राक्षं संपल्यावर हरभऱ्याचे घाटे हायड्रोजन झाले. मावशी बाजारात जायला पातळ बदलून बाहेर आली आणि दारातच थबकली. पुढे आठवडाभर आम्ही टोमॅटोचं सार खाल्लं. मला विज्ञानात गावात सगळ्यात जास्त गुण मिळाले, ते त्या सारामुळे.

मग एक दिवस हेडमास्तरांनी काकांना बोलावून सांगितलं की प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी होते आहे, दहावी पास झालात तर ती तुमची. काका नववीवरच थांबले होते. त्या जागेसाठी त्यांचा जीव तुटत होता. "पगार वाढंल न्हाई तर ऱ्हाईल," ते मला म्हणाले, "मला प्रयोगशाळंतल्या त्या कपाटाची किल्ली पायजे. वीस वर्सं काचंतनं बघतोय." त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. मराठी, गणित, इंग्रजीसुद्धा सुटलं. राहिलं ते विज्ञान.

झालं होतं असं, की प्रश्नपत्रिकेत कार्बनवर पाच गुणांचा एक प्रश्न होता. काकांनी तो आधी घेतला, आणि त्यांची लेखणी थांबेना. तीनदा पुरवणी मागितली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ते व्हिनेगरपर्यंत पोचले होते. प्रकाश, विद्युत, पचनसंस्था, सगळं कोरं. ऑक्टोबरला पुन्हा बसले, पुन्हा तेच. "पाच मार्कांत कसं मावायचं गं ते?" ते विचारायचे. हेडमास्तर म्हणाले, आता मार्चपर्यंत थांबतो, पुढे जागा ठेवता येणार नाही.

तोवर मी जुन्नरला बीएस्सी करत होते. त्या मार्चला मी त्यांना चुलीतल्या विझलेल्या कोळशावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की कार्बनचा प्रश्न शेवटी लिहीन. शपथ त्यांनी पाळली. पेपर संपल्यावर बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. "समदं लिवलं," ते म्हणाले, "अन् त्याच्यापाशी आलो तर घंटा झाली. जिवाभावाचा दोस्त भर बाजारात भेटावा अन् ओळख न देता म्होरं जावं, तसं झालं बघ." काका काठावर पास झाले. किल्ली मिळाली. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं ती त्यांच्या करदोट्याला होती. पण पेढे वाटताना त्यांनी स्वतः पेढा खाल्ला नाही, आणि मला तेव्हापासून चोरी केल्यासारखं वाटत आलं आहे.

काका गेले त्या वर्षी मी मावशीला भेटून निघाले, तर ती म्हणाली, "रिकाम्या हातानी जाऊ नको गं, ह्यांना चालायचं नाय," आणि तिने एक दोनशे पानी वही माझ्या हातात दिली. मी ती एसटीत उघडली. पहिल्या पानावर त्या मार्चचा प्रश्न होता, कार्बनची संयुगे इतकी जास्त का आहेत, आणि पुढे कंसात गुण पाच. खाली काकांचं उत्तर सुरू होत होतं. त्यात मिथेन होता, इथेन होता, लोणीची शेगडी होती, ओसरीवरचे टोमॅटो होते. निवृत्तीनंतर ते रोज थोडं थोडं लिहीत असावेत. शेवटचं पान पूर्ण भरलं होतं आणि त्यावरची शेवटची ओळ होती, "याशिवाय कार्बनची इतर संयुगे पुढीलप्रमाणे".

मी आता शाळेत विज्ञान शिकवते, दहावीचे पेपर तपासते. अपूर्ण उत्तराचे गुण कापायचे असतात हे मला माहीत आहे. घरी आल्यावर मी एक कोरी पुरवणी घेतली आणि दोऱ्याने काकांच्या वहीला बांधली.