इबोतोनची पाण्याची वाटी

आमचा कार्यकर्ता इबोतोन याच्या पिशवीत तपासणीच्या चिठ्ठ्यांखाली एक स्टीलची वाटी असते. इंफाळच्या आमच्या एचआयव्ही केंद्राचं कार्यालय मी बावीस वर्षं सांभाळतोय, पण त्या वाटीत त्याला काही खाताना कधी पाहिलं नाही. ती कशाची, हे गेल्या वर्षी कळलं.

तरुणपणी तो आणि त्याचे पाच मित्र एकाच सुईने नशा टोचून घेत. सहाही जणांना एचआयव्ही झाला. तेव्हा इबोतोनने नियम घातला : ज्याची सुई त्याची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. पुढे नशा सुटली, तरी हा नियम शिकवत तो घरोघर फिरला. त्याच्या वांगोई गावात आजही लोक त्याचं नाव मानाने घेतात ते यासाठीच.

गेल्या वर्षी त्याच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाला. यकृत निबर व्हायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सुया वेगळ्या होत्या ना? मग पावडर कशात कालवायचात?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. सुया सहा होत्या, पण पाणी एकाच वाटीतलं असायचं. वाटी त्याची; हीच, पिशवीतली. सुया खळबळायलाही तेच पाणी.

बारा आठवडे गोळ्या घेतल्या की हा आजार जातो. इबोतोनने गोळ्या घरी नेल्या आणि फडताळात ठेवून दिल्या. चार मित्र कधीच गेले होते; ब्रोजेन तेवढा उरला होता आणि तो तपासणीला येत नव्हता. "त्याच्याआधी मी बरा होणार नाही," इबोतोन म्हणाला. डॉक्टरीणबाई रागावल्या. मीही रागावलो. काही उपयोग झाला नाही.

शेवटी एका सकाळी तो मला सोबत घेऊन ब्रोजेनकडे गेला. ब्रोजेन तळ्याकाठी जाळं विणत होता. त्याची बायको सनाहनबी सिंजूसाठी, तिकडच्या तिखट कोशिंबिरीसाठी, कमळाचे देठ चिरत होती.

"आलात? बसा," ती म्हणाली. "याचं पोट बघा कसं फुगलंय. म्हणतो, तुझ्या हातचं खाऊन सुटलंय."

"खोटं आहे का?" ब्रोजेन हसला. मग इबोतोनकडे वळला. "तामो, पुन्हा तेच सांगायला आलास? थोरला भाऊ म्हणून ऐकून घेतो. एचआयव्ही आहे, मान्य. रोज गोळी घेतो. पण तुझ्या नियमानंतर माझ्या सुईला कुणाचा हात लागला नाही. आयुष्यात एक काम चोख केलं मी. तेही खोटं ठरवायला रक्त देऊ?"

इबोतोनने पिशवीतून वाटी काढून त्याच्यापुढे ठेवली.

"तू चोख होतास. चुकलो मी. सुया वेगळ्या केल्या, पाणी एकच ठेवलं."

सनाहनबीची विळी थांबली. ब्रोजेनने वाटी उचलली, आतून अंगठा फिरवला.

"बाकीच्यांना सांगितलंस?"

"मला कळलं तेव्हा ते नव्हते."

"आणि तुझ्या गोळ्या?"

"फडताळात आहेत."

"गाढव आहेस तू, तामो!" ब्रोजेन ओरडला. "म्हणजे तुझं मरणही माझ्याच गळ्यात? सनाहनबी, माझा सदरा आण."

केंद्रात परिचारिकेने त्याचे दोन्ही दंड आवळून पाहिले, चापट्या मारल्या. शीर सापडेना. टोचून टोचून सगळ्या बुजल्या होत्या.

"कशाला हाल करता, ताई?" ब्रोजेन म्हणाला. "तामोला विचारा. एका सुईच्या दिवसांत तोच मला टोचायचा, त्याला पाठ आहे."

इबोतोन त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला. ब्रोजेनचा डावा हात पालथा केला, मनगटाच्या मागे करंगळीच्या बाजूला बोट ठेवलं. तीस वर्षांनी. बोट जराही चाचपडलं नाही.

"इथे," तो म्हणाला.

परिचारिकेने नव्या सुईचं पाकीट फोडलं. पहिल्याच टोचणीत नळी लाल झाली. मी दारात उभा होतो. हातातली नोंदवही छातीशी कधी धरली, मला कळलं नाही. नळी भरेपर्यंत इबोतोनने त्याचं मनगट सोडलं नाही. मग ब्रोजेनने कापूस दाबून धरला आणि म्हणाला,

"चल आता तुझ्या घरी. पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची."